विद्यापीठीय ग्रंथालयातील प्रदर्शने व सांस्कृतिक उपक्रम : एक चिकित्सा

प्रास्ताविक

ग्रंथालय हे विद्यापीठाच्या सर्व कार्याचे हृदय होय, हा विचार १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने मांडला. तेव्हापासून ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक भाषणात तो उच्चारला जातो. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने विद्यापीठाच्या ग्रंथपालपदाला ‘संचालक, ज्ञानस्रोत केंद्र’ असे नाव दिले. नाव बदलले, तशी ग्रंथालयाकडून असलेली अपेक्षाही विस्तारली. पुस्तके जतन करणे व ती वाचकाला देणे यापलीकडे जाऊन ग्रंथालयाने वाचनसंस्कृती घडवावी, त्यासाठी ग्रंथप्रदर्शने, लेखक-वाचक संवाद, अभिवाचन, ग्रंथदिंडी, व्याख्याने असे उपक्रम घ्यावेत, असा आग्रह आता सर्वत्र धरला जातो. तो योग्यच आहे.

मात्र या उपक्रमांची समीक्षा आपल्याकडे होत नाही. नाट्यप्रयोगाची होते, चित्रप्रदर्शनाची होते, संमेलनाध्यक्षांच्या भाषणाचीही होते. ग्रंथालयाने भरविलेल्या प्रदर्शनाचा मात्र केवळ अहवाल होतो. उद्घाटक कोण होते, उपस्थिती किती होती, आभार कोणी मानले, एवढी नोंद झाली की तो उपक्रम यशस्वी ठरतो. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, ग्रंथप्रदर्शन हे स्वतःच समीक्षेचे एक रूप आहे. त्यात निवड असते, क्रम असतो, भाष्य असते आणि म्हणून त्याचे मूल्यमापनही समीक्षेच्या कसोट्यांवर झाले पाहिजे. ही चिकित्सा वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात असलेल्या कामरगावसारख्या ठिकाणाहून केली आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयापासून दूर असलेल्या संलग्नित महाविद्यालयाच्या वाचकापर्यंत या उपक्रमांतून नेमके काय पोहोचते, हा तिचा मुख्य प्रश्न होय.

उपक्रमांची चौकट : दिनविशेषांचे पंचांग

आपल्या विद्यापीठीय ग्रंथालयांतील उपक्रमांचे वेळापत्रक पाहिले तर ते विषयांवर नव्हे, तर तारखांवर बेतलेले दिसते. १२ ऑगस्टला डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीनिमित्त २०१५ पासून साजरा होणारा वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीनिमित्त मराठी भाषा गौरव दिन, १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. जानेवारी २०२५ मध्ये ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा पंधरवडाही राज्यभर पाळला गेला. सामूहिक वाचन, ग्रंथप्रदर्शन, पुस्तक परीक्षण, लेखकांशी संवाद असे अनेक कार्यक्रम त्यात होते.

तारखेच्या निमित्ताने उपक्रम घेण्यात गैर काही नाही. निमित्त असले की माणसे जमतात, प्रशासनाची परवानगी सुलभ होते, थोडा निधीही उपलब्ध होतो. अडचण निर्माण होते ती निमित्तालाच विषय समजले जाते तेव्हा. तारीख ठरलेली असते. पण त्या तारखेला वाचकाला काय सांगायचे आहे, हे ठरलेले नसते. मग ग्रंथपालाच्या सूचनेवरून परिचर त्या-त्या नावाची पुस्तके कपाटातून काढतो, टेबलावर कापड अंथरले जाते आणि पुस्तके उभी केली जातात. परिपत्रक, उद्घाटन, छायाचित्र व अहवाल या चार टप्प्यांत उपक्रम पूर्ण होतो. मूल्यांकन समितीच्या भेटीच्या वेळी तो अहवाल उपयोगी पडतो. वाचकाला तो कितपत उपयोगी पडला, हा प्रश्न कोणत्याही रकान्यात विचारलेला नसतो.

मांडणी आणि मांडून ठेवणे

प्रदर्शनात पुस्तके मांडून ठेवणे आणि पुस्तकांची मांडणी करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत कपाटातील पुस्तक टेबलावर येते. त्याची जागा बदलते, अर्थ बदलत नाही. दुसरीत एक पुस्तक दुसऱ्या पुस्तकाशेजारी ठेवल्यामुळे दोघांविषयी नवे काही कळते.

एक उदाहरण घेऊ. १४ एप्रिलच्या प्रदर्शनात महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेले ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : लेखन आणि भाषणे’ या मालेचे खंड बहुधा क्रमाने उभे केलेले असतात. १९७९ साली सुरू झालेली ही माला संग्राह्य आहे, यात शंका नाही. परंतु खंडांची रांग पाहून विद्यार्थ्याला त्यांची जाडी तेवढी कळते. याउलट ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या एकाच ग्रंथावर छोटे प्रदर्शन भरविता येईल. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी हे भाषण लिहिले गेले, मंडळाला त्यातील विचार मानवले नाहीत आणि भाषण झालेच नाही, १९३६ साली बाबासाहेबांनी ते स्वतः प्रकाशित केले, त्याच वर्षी महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून त्यावर आपले मत मांडले, १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधींचे लेखन व त्यावरील आपले उत्तर दोन्ही समाविष्ट केले. हा घटनाक्रम चार-पाच ग्रंथ, दोन छायाप्रती व पाच परिचय-पाट्या यांच्या साहाय्याने एका टेबलावर उभा करता येतो. तो पाहणाऱ्या विद्यार्थ्याला एक गोष्ट निश्चित कळेल : ग्रंथाला प्रतिवाद असतो आणि थोर लेखक तो प्रतिवाद आपल्याच ग्रंथात छापतो. ही जाणीव खंडांच्या रांगेतून होत नाही.

परिचय-पाटीचे महत्त्व येथे ध्यानात यावे. आपल्या प्रदर्शनांतील पाटीवर सामान्यतः ग्रंथाचे नाव, लेखक व दाखलांक असतो. म्हणजे दाखल नोंदवहीतील माहितीच पुन्हा लिहिलेली असते. हा ग्रंथ येथे का ठेवला, त्यातील कोणते पान पाहावे, शेजारच्या ग्रंथाशी त्याचा काय संबंध, हे पाटीने सांगितले पाहिजे. ‘लीळाचरित्रा’चेच पाहा. ह. ना. नेने यांनी भागशः प्रसिद्ध केलेली आवृत्ती आणि वि. भि. कोलते यांनी १९७८ साली संपादित केलेली आवृत्ती एकाच लीळेवर उघडून शेजारी ठेवाव्यात आणि पाठ कोठे वेगळा आहे हे पाटीवर नोंदवावे. पाठचिकित्सा म्हणजे काय, हे तासभराच्या व्याख्यानाने जेवढे कळत नाही, तेवढे या दोन उघड्या पानांवरून कळेल. सकळ लिपीतील महानुभाव पोथी नुसतीच काचेखाली ठेवली तर पाहणाऱ्याला ती अनोळखी खुणांची ओळ वाटते. पंथाने आपले ग्रंथ अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले, त्यामुळे ते दीर्घकाळ पंथाबाहेर वाचले गेले नाहीत, हे दोन वाक्यांत सांगितले की तीच पोथी बोलू लागते.

अभिजात मराठी आणि कारंज्याचे ग्रंथभांडार

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात पाली, प्राकृत, असमिया व बंगाली या भाषांचाही समावेश होता. त्यानंतर ठिकठिकाणच्या ग्रंथालयांनी या विषयावर प्रदर्शने भरविली. राज्यातील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात भरलेले असे एक प्रदर्शन आमच्या काही विद्यार्थ्यांसह पाहण्याचा योग आला. ज्ञानेश्वरीच्या अनेक आवृत्त्या, तुकारामांची गाथा, ‘लीळाचरित्र’, पुढे आधुनिक कादंबऱ्या व पुरस्कारप्राप्त ग्रंथ अशी ती मांडणी होती. परिश्रम दिसत होते, दालनही सुशोभित होते. परतताना बी. ए. च्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, या सगळ्यात आपल्या कारंज्याचं काहीच नव्हतं का?’’

या प्रश्नामागे केवळ गावाचा अभिमान नाही, हे सांगण्यासाठी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. कारंजा (लाड) येथे सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तीन दिगंबर जैन परंपरांची मंदिरे व भट्टारकपीठे होती आणि त्यांच्या आश्रयाने हस्तलिखितांचा मोठा संग्रह शतकानुशतके जपला गेला. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची प्रसिद्ध केली, तिच्यामुळे कारंज्याच्या भांडाराकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. पुढे १९३० च्या दशकात या भांडारातील अपभ्रंश ग्रंथ संपादित होऊन छापले जाऊ लागले. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये संपादित केले. ‘णायकुमारचरिउ’, ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’ आणि १९३४ मध्ये कनकामराचे ‘करकंडचरिउ’ यांचे संपादन डॉ. हिरालाल जैन यांनी केले. सूचीकार रायबहादूर हिरालाल आणि संपादक हिरालाल जैन या दोन भिन्न व्यक्ती होत. नामसाधर्म्यामुळे त्यांची गल्लत होणे सोपे आहे. चांगल्या पाटीचे काम अशा ठिकाणीच असते.

डॉ. हिरालाल जैन हे तेव्हा अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात, म्हणजे आजच्या शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्थेत, संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांच्या संपादनाखाली ‘षट्खंडागम’ या प्राचीन ग्रंथाचा धवला टीकेसह पहिला खंड १९३९ साली अमरावतीहूनच प्रकाशित झाला. पुणे-मुंबईपासून दूर असलेल्या वऱ्हाडातील महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या एका प्राध्यापकाने भारतीय भाषाभ्यासाच्या इतिहासाला वळण देणारे हे काम केले. संलग्नित महाविद्यालयांत शिकविणाऱ्या आपणा सर्वांसाठी ही घटना केवळ माहितीची नाही.

मराठीच्या प्राचीनत्वाचा विचार महाराष्ट्री प्राकृत व अपभ्रंश वगळून होऊ शकत नाही. पुष्पदंताने दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट येथे रचना केली. ‘करकंडचरिउ’मध्ये तेरापूर नगराजवळील लेण्यांचे वर्णन येते आणि डॉ. जैन यांनी त्यांचा संबंध तेर व धाराशिवच्या लेण्यांशी जोडला. म्हणजे कारंज्याच्या एका पोथीत मराठवाड्याच्या डोंगरातील लेण्यांची स्मृती जपलेली आहे. अभिजात मराठीवरील प्रदर्शनात याहून समर्पक वस्तू कोणती असू शकेल? एम. फिल. च्या प्रबंधिकेसाठी संदर्भ शोधताना याच मालेतील एक छापील ग्रंथ प्रस्तुत लेखकाच्या हाती आला होता. त्याच्या शेवटी चिकटवलेल्या तारीख-चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. ग्रंथ होता, सूचीत होता, कपाटातही होता. त्याच्याकडे जाण्याची वाट तेवढी कोणी दाखविली नव्हती. रंगनाथन यांच्या पंचसूत्रांपैकी तिसऱ्या सूत्राचा आशय प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असा आहे. प्रदर्शन हे या सूत्राच्या पूर्तीचे साधन आहे. ज्या ग्रंथाला वाचक आधीच आहेत, त्याच्यापेक्षा ज्याला अद्याप वाचक मिळालेला नाही, त्याचा प्रदर्शनावर अधिक हक्क आहे.

देव-घेवीची कसोटी

प्रदर्शन यशस्वी झाले किंवा नाही हे ठरवावे कसे? उपस्थितांची संख्या ही कसोटी फसवी आहे, कारण तास रद्द करून विद्यार्थ्यांना सभागृहात बसविले की ती वाढते. अभिप्राय-वहीदेखील विश्वसनीय नाही. तिच्यात ‘उपक्रम स्तुत्य’ याखेरीज सहसा काही लिहिले जात नाही. ग्रंथालयाजवळ मात्र अन्य कोणत्याही सांस्कृतिक संस्थेजवळ नसलेले एक साधन आहे, ते म्हणजे देव-घेव विभागाची नोंद. प्रदर्शनात ठेवलेल्या पन्नास ग्रंथांपैकी पुढील महिन्यात किती ग्रंथ घरी नेले गेले आणि त्यांपैकी किती त्यापूर्वीच्या पाच वर्षांत एकदाही गेले नव्हते, हे संगणकीकृत ग्रंथालयात अल्प वेळात काढता येते. हे दोन आकडे अहवालात आले तर अहवाल अर्थपूर्ण होईल.

यासाठी प्रदर्शन व देव-घेव यांच्यातील भिंत दूर व्हावी लागेल. उपरोक्त प्रदर्शनात आमच्या एका विद्यार्थ्याने एक ग्रंथ वाचनासाठी मागितला, तेव्हा ‘‘प्रदर्शन संपल्यावर या’’ असे उत्तर त्याला मिळाले. कर्मचाऱ्याने नियमानुसारच उत्तर दिले होते. परंतु गावाहून एस. टी. ने आलेला विद्यार्थी तीन दिवसांनी पुन्हा येत नाही. वाचनाची इच्छा ज्या क्षणी उत्पन्न होते, त्याच क्षणी ग्रंथ हाती पडला पाहिजे. दुसरी प्रत तत्काळ देणे, निदान वाचन कक्षात बसून वाचू देणे, किंवा मागणी नोंदवून त्याच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे ग्रंथ पाठविणे, यांपैकी काहीतरी शक्य असायला हवे.

सांस्कृतिक कार्यक्रमांनाही हीच कसोटी लागू पडते. लेखक-वाचक संवादात वाचकाने लेखकाचे एखादे पुस्तक आधी वाचलेले असावे, ही किमान अट आहे. प्रत्यक्षात शाल, श्रीफळ, परिचय, प्रास्ताविक, मनोगत यांत बहुतांश वेळ संपतो आणि संवादासाठी वेळेअभावी एक-दोन प्रश्न घेतले जातात. कार्यक्रमापूर्वी तीन आठवडे त्या लेखकाच्या ग्रंथाच्या प्रती वाचकगटात फिरविल्या आणि प्रश्न विद्यार्थ्यांनीच लिहून आणले, तर विनाखर्च कार्यक्रमाचे स्वरूप पालटेल. ग्रंथदिंडीचेही तसेच. पालखीत कोणते ग्रंथ आहेत आणि तेच का, हे दिंडीत चालणाऱ्यांना ठाऊक असेल तरच ती दिंडी ग्रंथांची ठरते.

फिरत्या प्रदर्शनाचा पूर्वानुभव

विद्यापीठाचे ग्रंथालय जिल्ह्याच्या ठिकाणापासूनही दूर असते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे कार्यक्षेत्र अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांचे आहे. अशा विस्तृत क्षेत्रात मध्यवर्ती दालनातील प्रदर्शन सर्वांपर्यंत पोहोचणे अशक्य आहे. अन्य विद्यापीठांची स्थितीही याहून वेगळी नाही. म्हणून वाचकाने प्रदर्शनाकडे जाण्याऐवजी प्रदर्शनानेच वाचकाकडे जावे, हा विचार पुढे येतो.

हा विचार नवा नाही. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण करून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. तीत ग्रंथांच्या लाकडी पेट्या गावोगाव पाठविणारी फिरत्या ग्रंथालयांची शाखा होती आणि चित्रे, स्लाइड्स व चलच्चित्रे यांच्या साहाय्याने निरक्षरांपर्यंतही ज्ञान पोहोचविणारी दृक्-शिक्षणाची शाखाही होती. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, मर्यादित साधनांनिशी, एका संस्थानाला हे साध्य झाले. ऑक्सफर्डच्या बोडलेयन ग्रंथालयाने २०१५ साली वेस्टन ग्रंथालयातील विनामूल्य प्रदर्शन-दालने सर्वांसाठी खुली केली, हे उदाहरण आपल्याला साधनांच्या दृष्टीने दूरचे वाटेल. बडोद्याचे उदाहरण मात्र आपल्याच भाषेच्या व अनुभवाच्या परिघातील आहे.

वीस फलक, दहा ग्रंथांच्या प्रती आणि एक पुस्तिका एवढे साहित्य एका पेटीत मावते. ही पेटी प्रत्येक महाविद्यालयात दोन आठवडे राहावी व तेथील ग्रंथपाल आणि प्राध्यापकांनी तीत एक स्थानिक फलक जोडावा. कामरगाव परिसरापुरते बोलायचे तर कारंज्याच्या हस्तलिखितांचा फलक आहेच. शिवाय मूर्तिजापूर-यवतमाळ या नॅरोगेज मार्गावरील, आता बंद पडलेल्या ‘शकुंतला’ रेल्वेचाही एक फलक होऊ शकतो. वऱ्हाडच्या कापसासाठी आलेल्या या रेल्वेच्या आठवणी सांगणारी माणसे गावोगाव आहेत आणि विद्यार्थी त्या लिहून घेऊ शकतात. अशा रीतीने पेटी परत जाईल तेव्हा ती आली त्याहून समृद्ध झालेली असेल.

अडचणींचा विचार

या सूचनांवर काही आक्षेप संभवतात आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पहिला मनुष्यबळाचा. रिक्त पदांमुळे ग्रंथालयांतील दैनंदिन कामही जेथे रेंगाळते, तेथे पाट्या लिहायच्या कोणी? याचे उत्तर विषयतज्ज्ञांनी, म्हणजे प्राध्यापकांनी, असे आहे. वर्षभरात बारा प्रदर्शनांऐवजी दोनच भरवावीत, पण त्यांमागे एका विभागाचा अभ्यास असावा. ग्रंथालयाच्या प्रदर्शनाविषयी तक्रार करणारे आपण प्राध्यापक त्याची एकही पाटी लिहीत नाही, हा दोष आपल्याकडेही येतो.

दुसरा आक्षेप जतनाचा. जुन्या कागदाला प्रकाश व दमटपणा घातक असतो. म्हणूनच अशा वस्तूंवरील प्रकाश सुमारे ५० लक्सपर्यंत मर्यादित ठेवावा व त्या अल्पकाळच मांडाव्यात, असा संकेत आहे. तो आपल्या दालनांत पाळणे कठीण आहे. तिसरा आक्षेप अधिक नाजूक. पोथ्या मंदिरांच्या व पंथांच्या मालकीच्या असून श्रद्धेचा विषय आहेत. ज्यांनी त्या शतकानुशतके बासनांत बांधून जपल्या, त्यांच्याकडे विद्यापीठाने हक्काने नव्हे, तर विनंतीने गेले पाहिजे. या दोन्ही आक्षेपांवर मार्ग एकच आहे : मूळ पोथी तेथेच राहू द्यावी आणि संमतीने घेतलेले छायाचित्र, छापील संपादित ग्रंथ व परिचय यांवर प्रदर्शन उभारावे. २००३ साली राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू झाले आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटींहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षण-जतनासाठी ‘ज्ञान भारतम्’ अभियान घोषित झाले. प्रतिमा तयार होतील. त्या प्रतिमांना वाचक मिळवून देण्याचे काम ग्रंथालयांनाच करावे लागेल.

समारोप

विद्यापीठीय ग्रंथालयातील प्रदर्शने आणि सांस्कृतिक उपक्रम यांची संख्या आज कमी नाही. उणीव आहे ती त्यांमागील विधानाची. प्रत्येक प्रदर्शनाने काहीतरी म्हटले पाहिजे, ते पाटीवर लिहिले पाहिजे, आणि ज्या ग्रंथाविषयी म्हटले तो वाचकाच्या हाती दिला पाहिजे. या तीन गोष्टी साधल्या तर कापड, कमान व पुष्पगुच्छ नसले तरी चालेल.

त्या विद्यार्थिनीला परतीच्या प्रवासात कारंज्याच्या भांडाराविषयी, अमरावतीच्या त्या प्राध्यापकाविषयी जमेल तेवढे सांगितले. तिने सर्व ऐकून घेतले आणि ते पुस्तक आपल्या महाविद्यालयात आहे का, असे विचारले. नव्हते. आंतरग्रंथालयीन देव-घेवीचा अर्ज भरून ते मागविण्याची व्यवस्था आता करीत आहोत. तारीख-चिठ्ठीवर पहिला शिक्का उमटला तर त्या प्रदर्शनाचे फलित, थोडे उशिरा का होईना, पदरी पडले असे म्हणता येईल.